दोबिन्यी आणि वाझ नदीचा काठ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच निसर्गचित्रांकडे वळणाऱ्या मराठी रसिकाला मोने आणि व्हॅन गॉग ही नावे आधीपासून ठाऊक असतात. या दोघांनाही ज्याच्याविषयी मनापासून आदर होता, त्या शार्ल-फ्राँस्वा दोबिन्यीचे नाव मात्र आपल्याकडे क्वचितच घेतले जाते. त्याने वाझ नदीच्या काठाची जी शांत चित्रे काढली, त्यांच्याविषयी नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

दोबिन्यी कोण होता?

त्याचा जन्म १५ फेब्रुवारी १८१७ रोजी पॅरिसमध्ये झाला आणि १९ फेब्रुवारी १८७८ रोजी त्याच शहरात त्याचे निधन झाले. वडील एडमाँ-फ्राँस्वा निसर्गचित्रकार होते आणि काका लघुचित्रे काढत, त्यामुळे रंग आणि कुंचला घरातच होता. तरुणपणी, १८३६ मध्ये, त्याने इटलीचा प्रवास केला, पुढे काही काळ पॉल दलारोश या नावाजलेल्या चित्रकाराकडे शिक्षण घेतले आणि १८३८ मध्ये ‘सालाँ’ या सरकारी वार्षिक प्रदर्शनात पहिल्यांदा चित्र मांडले. रोमला शिकायला पाठवणारे मानाचे पारितोषिक मात्र त्याला मिळाले नाही. त्याचे पुढचे काम पाहता हे बरेच झाले असे म्हणावेसे वाटते, कारण त्या पारितोषिकाला देवदेवतांच्या आणि इतिहासातल्या प्रसंगांनी सजवलेला निसर्ग अपेक्षित असे आणि दोबिन्यीच्या हाताला तो मानवणारा नव्हता. उमेदवारीच्या काळात पुस्तकांसाठी छापील चित्रे करून त्याने पोट भरले आणि त्या कामात त्याची रेषा पक्की झाली.

वाझ नदी कुठे आहे, आणि त्याने तिचीच निवड का केली?

वाझ ही सीन नदीला मिळणारी उपनदी आहे. ती बेल्जियममध्ये उगम पावते, उत्तर फ्रान्समधून वाहत येते आणि पॅरिसच्या वायव्येला काँफ्लाँ येथे सीनला मिळते. शेवटच्या टप्प्यात तिच्या दोन्ही तीरांना सखल कुरणे, पॉप्लर, विलो आणि ऑल्डरच्या रांगा आणि अधूनमधून एखादे गाव लागते. डोंगर, धबधबे किंवा जुन्या किल्ल्यांचे अवशेष, म्हणजे त्या काळच्या प्रेक्षकाला निसर्गचित्रात हवे असलेले जवळजवळ सगळे काही येथे नव्हते.

दोबिन्यीचा या नदीशी संबंध बालपणापासूनचा होता. प्रकृती नाजूक असल्यामुळे त्याला लहानपणी पॅरिसबाहेर, वाझच्या खोऱ्यातल्या व्हाल्माँद्वा या गावी एका दाईकडे ठेवले होते. चित्रकार झाल्यावर तो याच परिसरात पुनःपुन्हा आला आणि १८६० मध्ये शेजारच्या ओव्हेर-स्युर-वाझ येथे जागा घेऊन त्याने घर व स्टुडिओ बांधला. म्हणून या चित्रांमध्ये पाहुण्याची नवलाई सापडत नाही. पाणी कोणत्या वळणावर संथ होते, संध्याकाळी गुरे कुठे उतरतात, कोणत्या झाडाची सावली कुठवर पोचते, हे सगळे ठाऊक असलेल्या माणसाची नजर त्यांत आहे.

या चित्रांत काय दिसते? पाहायला सुरुवात कुठून करावी?

पहिल्यांदा आकाराकडे पाहावे. दोबिन्यीची नदीची चित्रे बहुधा आडवी आणि लांबट असतात, अनेकदा रुंदी उंचीच्या दुप्पट किंवा जवळजवळ तेवढी असते. १८५९ च्या सालाँमध्ये गाजलेले आणि आज बोर्दोच्या कलासंग्रहालयात असलेले ‘वाझचे काठ’ हे चित्र याच प्रमाणाचे आहे. लंडनच्या नॅशनल गॅलरीतले, त्याच वर्षीचे, बदकांचे छोटेसे नदीचित्रही तसेच आहे. हा आकार निवडला की नजर वरखाली न जाता डावीकडून उजवीकडे, प्रवाहासारखी, सरकते.

त्यानंतर पाहणारा कुठे उभा आहे हे तपासावे, कारण खरी किल्ली तेथेच आहे. नेहमीच्या नदीचित्रात पायांखाली जमीन असते. पुढे गवत किंवा खडक, बाजूला चौकटीसारखे एखादे मोठे झाड, मग पाणी आणि पलीकडे दूरचा किनारा असा क्रम ठरलेला असतो. दोबिन्यीच्या अनेक चित्रांत पुढची जमीन काढून टाकलेली आहे. चौकटीच्या खालच्या कडेपासून थेट पाणी सुरू होते आणि दोन्ही तीर दोन बाजूंनी आत सरकत दूर एकमेकांजवळ येतात. दृष्टी पाण्याच्या पातळीपासून फार वर नसते. आपण काठावरून नदी पाहत नसतो, नदीत बसून काठ पाहत असतो. चित्रातली शांतता बहुतांशी या एका निर्णयातून येते असे माझे मत आहे. पुढे पाऊल टाकायला जागाच नसल्यामुळे पाहणारा आपोआप स्थिर होतो.

मग प्रतिबिंबे पाहावीत. झाडांचा गडद हिरवा पट्टा जसा वर आहे तसाच खाली पाण्यात उतरतो, पण खाली त्याच्या कडा विरघळलेल्या असतात. आकाशाचा उजेड चित्रात दोनदा येतो, एकदा वर आणि एकदा खाली, आणि मधला काठ त्या दोन उजेडांमध्ये पातळ पट्टीसारखा राहतो. माणसे असतात, पण लहान. कपडे धुणाऱ्या बायका, नावेतला एखादा मासेमार, पाण्यावर आलेली गुरे. बदकांची एखादी रांग तर इतकी नेहमीची की ती जणू त्याची दुसरी सही ठरावी. यांतले कोणीही आपल्याकडे पाहत नाही आणि कोणाचीही गोष्ट सांगितली जात नाही.

तो खरोखर नावेत बसून चित्रे काढत असे का?

होय. १८५७ मध्ये त्याने सपाट बुडाची एक नाव घेतली, तिच्यावर लाकडी खोली बांधली आणि तिला चालता स्टुडिओ बनवले. या नावेचे नाव ‘बोतँ’ होते. ती कमी पाण्यातही चालत असल्यामुळे काठाला, वेलींखाली किंवा नदीतल्या बेटांच्या आडोशाला सहज नेता येई. आत झोपण्याची, स्वयंपाकाची आणि रंगसाहित्य ठेवण्याची सोय होती. तिच्यातून त्याने वाझ आणि सीनवर अनेक उन्हाळे घालवले. सोबत मुलगा कार्ल असे, जो १८५७ मध्ये जेमतेम अकरा वर्षांचा होता. थोर निसर्गचित्रकार कामी कोरो या दोबिन्यीच्या वडीलधाऱ्या मित्राला या नावेचे मानद ‘ॲडमिरल’ पद देण्यात आले होते.

या प्रवासांची हकीकत दोबिन्यीने स्वतःच चित्रांतून सांगितली. १८६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या एचिंगच्या मालिकेत, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर रेषा कोरून, त्या आम्लाने खोल करून घेतलेल्या छाप्यांत, नावेवरचे सारे आयुष्य आहे. निघण्याआधीचे जेवण, काठावरून दोरीने नाव ओढणारा पोरगा, नावेतली रात्र आणि तो पोरगा निघून गेल्यावर आनंदाने उड्या मारणारे मासे अशी ती चित्रे आहेत. त्यांतल्या एकात दोबिन्यी नावेच्या खोलीत पाठमोरा बसून रंगवतो आहे, समोरच्या उघड्या भागातून नदी दिसते आहे आणि आत ठेवलेल्या एका कॅनव्हासवर ‘वास्तववाद’ हा शब्द लिहिलेला आहे. गंभीर आणि निःशब्द नदीचित्रे काढणाऱ्या माणसाचा प्रसन्न, घरगुती स्वभाव या मालिकेत दिसतो. ज्यांना त्याची तैलचित्रे थोडी एकसुरी वाटतात त्यांनी आधी हे छापे पाहावेत.

उघड्यावर तैलरंगात काम करणे तेव्हा शक्य झाले ते कशामुळे?

त्यात रंगांच्या धातूच्या नळीचा मोठा वाटा आहे. जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ मध्ये कथलाची पिळता येणारी नळी शोधून काढली. त्याआधी तेलात खललेले रंग जनावराच्या मूत्राशयाच्या लहान पिशव्यांत भरून न्यावे लागत, त्या फुटत आणि रंग लवकर सुकत. नळी आल्यावर रंगांचा पूर्ण संच बरोबर नेणे सोपे झाले. दुसरे कारण रेल्वे. १८४० च्या दशकात पॅरिसहून उत्तरेकडे जाणारा लोहमार्ग वाझच्या खोऱ्यातून गेला आणि शहरातल्या चित्रकाराला सकाळी निघून नदीकाठी पोचता येऊ लागले.

उघड्यावर काम करणारा दोबिन्यी काही पहिला नव्हे. इटलीत शिकणारे फ्रेंच चित्रकार त्याच्या कितीतरी आधीपासून बाहेर बसून लहान अभ्यासचित्रे करत, पण ती घरी आणून त्यांच्या आधारे मोठे ‘खरे’ चित्र रंगवले जाई. दोबिन्यीने हळूहळू हा भेद पुसला. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरील व्हिलेरव्हिल या गावाचे मोठे चित्र, जे त्याने १८६४ च्या सालाँमध्ये मांडले, ते त्याने संपूर्णपणे जागेवर उभे राहून रंगवले असे त्याचे समकालीन सांगतात. तरी त्याची सगळीच चित्रे बाहेर पूर्ण झाली असे समजू नये. मोठी नदीचित्रे पुष्कळदा स्टुडिओत पुरी होत.

चित्र अर्धवट सोडल्यासारखे का वाटते?

हा प्रश्न आजचा नाही, त्याच्या हयातीतच तो जोरात विचारला गेला. १८५९ च्या प्रदर्शनावर लिहिताना कवी बोदलेरने त्याच्या निसर्गचित्रांतल्या मोहक ताजेपणाचे कौतुक केले, पण हा गुण तपशिलातल्या सफाईची किंमत देऊन मिळवला आहे अशी तक्रारही केली. कलासमीक्षक तेओफिल गोतिए १८६१ मध्ये याहून स्पष्ट बोलला. इतकी खरी आणि नैसर्गिक जाण असलेला चित्रकार केवळ मनावर उमटलेल्या पहिल्या ठशावर समाधान मानतो, तपशील सोडून देतो आणि त्यामुळे त्याची चित्रे कच्च्या खर्ड्यासारखी राहतात, असे त्याचे म्हणणे होते. गोतिएने त्या ठशासाठी जो ‘इम्प्रेशन’ हा शब्द दोषाच्या अर्थाने वापरला, तोच तेरा वर्षांनी, १८७४ च्या प्रदर्शनानंतर, एका समीक्षकाने थट्टेने मोने आणि त्याच्या मित्रांना चिकटवला आणि त्यांनी तो अभिमानाने मिरवला.

या टीकेकडे दुर्लक्ष करणे योग्य नाही, कारण टीकाकार काय पाहत होते ते खरेच चित्रात आहे. जवळ गेल्यावर झाडाची पाने दिसत नाहीत, दिसतात ते कुंचल्याचे तुटक फटकारे. पाण्यातले प्रतिबिंब म्हणजे ओल्या रंगावर ओढलेले चार-सहा आडवे पट्टे असतात आणि उत्तरकाळात त्याने रंग लावायला सुरीचाही मुक्त वापर केला. पण संथ पाण्यावरचा उजेड किती वेळ एकसारखा राहतो याचा विचार केला की या पद्धतीची गरज कळते. सूर्य मावळतीला आला की पंधरा-वीस मिनिटांत नदीचा रंग पार बदलतो. तेवढ्या वेळात पाने मोजत बसले तर पानेच हाती लागतील, ती संध्याकाळ लागणार नाही. दोबिन्यीने काय सोडायचे ते पूर्ण जाणिवेने ठरवले होते, आणि त्याच्या आधीच्या पुस्तकचित्रांतले बारीक काम पाहिलेल्या कोणालाही त्याला तपशील जमत नव्हता असे म्हणता येणार नाही.

नदी तेव्हा खरोखर इतकी शांत होती का?

पूर्णपणे नाही. उत्तरेकडच्या खाणींतला कोळसा पॅरिसला नेणाऱ्या जलमार्गावर वाझ होती. १८१० मध्ये खुल्या झालेल्या सँ-काँतँ कालव्यामुळे ही वाहतूक वाढली, आणि नदीवर बंधारे, जलकपाटे, मालवाहू पडाव आणि ते ओढण्यासाठी काठाने चालणारे घोडे असा सगळा व्याप होता. दोबिन्यीला हे उत्तम माहीत होते. त्याच्या वर सांगितलेल्या एचिंग मालिकेत ‘आगबोटींपासून सावधान’ अशा अर्थाचे एक चित्र आहे, ज्यात मोठ्या आगबोटीच्या लाटांनी त्याची लहानशी नाव हेलकावे खाते आहे.

तैलचित्रांत मात्र या गजबजीला क्वचितच जागा मिळाली. म्हणजे चित्रातली शांतता निवडलेली आहे. काही अभ्यासक याकडे शहरी ग्राहकाला हवा असलेला गोडवा म्हणून पाहतात आणि त्यात तथ्य आहे, कारण पॅरिसच्या धकाधकीत राहणाऱ्या श्रीमंत वर्गात या चित्रांना भरपूर मागणी होती. तरी मला ही फसवणूक वाटत नाही. पहाटे, संध्याकाळी आणि वाहतुकीच्या प्रवाहापासून दूर असलेल्या बेटांच्या आडोशाला नदी खरोखरच अशी असे, आणि आपली नाव तो मुद्दाम अशाच वेळी अशाच जागी नेत असे.

एवढी सगळी चित्रे एकसारखी का दिसतात?

थोडा दोष बाजाराचा आहे. १८५० च्या दशकात सरकारने आणि सम्राट तिसऱ्या नेपोलियनने त्याची चित्रे विकत घेतली, १८५९ मध्ये त्याला ‘लेजियाँ द ऑनर’ हा सन्मान मिळाला आणि त्यानंतर विक्रेते पुन्हा पुन्हा नदीकाठच मागू लागले. त्यामुळे काही चित्रे सवयीने काढलेली वाटतात, हे त्याच्या चाहत्यांनीही मान्य करावे. परंतु १८७३ चे बर्फाच्छादित शेताचे चित्र, जे पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे, किंवा शेवटच्या वर्षांतली चंद्रोदयाची काळोखी, जाड रंगातली चित्रे पाहिली की त्याचा पल्ला लक्षात येतो.

तो इम्प्रेशनिस्ट होता का?

नाही. त्याची गणना सहसा बार्बिझाँ गटात होते. फाँतेनब्लोच्या जंगलाजवळील बार्बिझाँ गावाभोवती रूसो, मिये, द्याझ हे चित्रकार काम करत आणि दोबिन्यी त्यांच्या जवळचा होता, पण जंगलापेक्षा पाण्याकडे त्याचा ओढा अधिक होता. १८५२ मध्ये कोरोशी झालेली मैत्री त्याच्यासाठी सर्वांत मोलाची ठरली. दोघांनी बरोबर प्रवास केले, आणि पेर लाशेझ स्मशानभूमीत दोबिन्यीला कोरोच्या जवळच पुरले आहे.

इम्प्रेशनिस्टांशी त्याचे नाते पाठीराख्याचे होते. सालाँच्या निवड समितीवर असताना, विशेषतः १८६८ मध्ये, त्याने पिसारो, मोने, रेन्वार अशा तरुणांची बाजू लावून धरली. १८७० मध्ये मोनेचे चित्र नाकारले गेले तेव्हा त्याने समितीचा राजीनामा दिला. त्याच वर्षी फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि अनेक चित्रकार लंडनला गेले. तेथे हातात पैसा नसलेल्या मोनेची पॉल द्युराँ-र्युएल या चित्रविक्रेत्याशी ओळख दोबिन्यीने करून दिली. हाच विक्रेता पुढे इम्प्रेशनिस्टांचा मुख्य आधार झाला, त्यामुळे या एका ओळखीचे मोल फार मोठे आहे. परत आल्यावर मोनेने आर्जांतय येथे स्वतःची स्टुडिओ-नाव केली आणि १८७४ मध्ये एदुआर माने या दुसऱ्या चित्रकाराने तिच्यात बसून रंगवणाऱ्या मोनेचे चित्र काढले. ‘बोतँ’ पाहिल्याशिवाय ती नाव समजत नाही.

व्हॅन गॉगचा येथे काय संबंध?

१८७८ मध्ये दोबिन्यी गेल्याची बातमी कळल्यावर तरुण व्हिन्सेंटने भाऊ थिओला लिहिलेल्या पत्रात दुःख व्यक्त केले होते. मे १८९० मध्ये तो ओव्हेरला राहायला आला तेव्हा दोबिन्यीची पत्नी तेथेच राहत होती. त्याने तिच्या घराची बाग जुलैमध्ये रंगवली. त्यांतले एक चित्र आज जपानमधील हिरोशिमा कला संग्रहालयात आहे. त्या बागेचे रेखाटन त्याच्या थिओला पाठवलेल्या शेवटच्या पत्रातही आहे. ओव्हेरमधल्या अखेरच्या आठवड्यांत व्हॅन गॉगने उंचीच्या दुप्पट रुंदीचे कॅनव्हास वापरले, तेही दोबिन्यीच्या आवडत्या आकाराशी जुळणारे. २०१६-१७ मध्ये सिनसिनाटी, एडिंबरा आणि अॅमस्टरडॅम येथे दोबिन्यी, मोने आणि व्हॅन गॉग यांचे एकत्रित प्रदर्शन भरले, तेव्हा हे नाते सर्वसामान्य प्रेक्षकांपुढे ठळकपणे आले.

मूळ चित्रे कुठे पाहता येतील?

पॅरिसमध्ये ऑर्से आणि लूव्र, तसेच बोर्दो, लंडनची नॅशनल गॅलरी, न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन आणि हेगमधील मेसदाख संग्रह येथे त्याची चित्रे आहेत. मेसदाख हा स्वतः समुद्रचित्रे काढणारा डच चित्रकार होता आणि त्याने दोबिन्यीची चित्रे आवडीने जमवली, त्यामुळे शेवटच्या काळातले धाडसी काम पाहायचे असेल तर हेगला जावे. संग्रहालयांतील मांडणी बदलत असते, म्हणून निघण्यापूर्वी संबंधित संकेतस्थळावर चित्र प्रत्यक्ष भिंतीवर आहे का ते पाहून घ्यावे.

पॅरिसला गेलेल्या मराठी प्रवाशाने एक दिवस ओव्हेरसाठी राखावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. गाव सुमारे ३० किलोमीटरवर आहे आणि गार द्यु नॉर स्थानकावरून लोकल गाडीने, बहुधा वाटेत गाडी बदलून, तेथे पोचता येते. दोबिन्यीचे घर आणि स्टुडिओ पाहायला मिळतात. भिंतींवरची मोठी चित्रे कोरोच्या कल्पनेतून उतरली आहेत, काही भाग दोबिन्यीने स्वतः आणि कार्लने रंगवला आहे, आणि मुलगी सेसिलच्या खोलीत बापाने परीकथांतले प्रसंग काढले आहेत. बहुतेक प्रवासी व्हॅन गॉगची खोली आणि कबर पाहून परततात. हे घर चुकवू नये.

घरात लावण्यासाठी प्रत छापून घेता येईल का? काय काळजी घ्यावी?

दोबिन्यीच्या निधनाला दीडशे वर्षे होत आली आहेत आणि भारतीय कायद्यानुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याच्या कृतीवरील स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे चित्राची प्रत काढण्यास अडचण नाही. छायाचित्र मात्र कोणाचे आहे हे पाहावे. मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ पासून आपल्याकडच्या स्वामित्वमुक्त चित्रांची उत्तम प्रतीची छायाचित्रे कोणत्याही वापरासाठी मोफत खुली केली आहेत, तेथून सुरुवात करणे सोयीचे.

छापताना दोन चुका नेहमी होतात. पहिली म्हणजे भिंतीवरच्या जागेत बसवण्यासाठी चित्राच्या बाजू कापणे. आडवा पसरलेला आकार गेला की दोबिन्यीचे अर्धे चित्र गेले, तेव्हा लहान छापावे पण पूर्ण छापावे. दुसरी चूक म्हणजे छपाईवाल्याला रंग ‘उठावदार’ करायला सांगणे. या चित्रांतले हिरवे आणि करडे रंग एकमेकांच्या फार जवळचे असतात, आणि ते भडक केले की काठ पाण्यापासून तुटून वेगळा दिसू लागतो. चकचकीत कागदाऐवजी मॅट कागद घ्यावा, आणि पूर्ण छपाईआधी गडद झाडांच्या भागाचा एक छोटा नमुना काढून घेऊन तो दिवसाच्या उजेडात तपासावा.